न्यायाचा तोल आणि कागदावरची आद्याक्षरे

(दिलसुखनगर, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे आयुष्य दुसऱ्यांचे बोलणे टिपून घेण्यात आणि त्याच्या स्वच्छ प्रती काढण्यात गेले. कारकुनास मत नसते, हस्ताक्षर तेवढे असते, असे आमचे एक जुने साहेब म्हणत. तथापि आजचा विषय असा आहे की, त्यावर कारकुनानेच बोलावे. कायद्याच्या कागदांतील आद्याक्षरे, म्हणजे आपण ज्यांस संक्षेप म्हणतो ती, आणि न्याय देणाऱ्याच्या मनातील पक्षपात, या दोन गोष्टींविषयी मी चार शब्द सांगणार आहे. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तो संबंध शेवटी आपोआप स्पष्ट होईल, अशी आशा आहे.

हा विषय सुचण्यास निमित्त घडले ते याच दिलसुखनगरात. आपल्यापैकीच एका घरातील तरुण मजकडे एक नोटीस घेऊन आला. त्याचा जन्म हैदराबादचा; घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू. नोटीस गोव्याहून त्याच्या दिवंगत वडिलांच्या नावे आली होती आणि महिनाभर टपालाच्या गठ्ठ्यात पडून होती. तीत ‘डी. एल. ६४५ अन्वये’ असा उल्लेख होता. त्या मुलाने डी. एल. म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स असा अर्थ केला आणि वडिलांच्या जुन्या मोटारीसंबंधी काहीतरी असेल, असे समजून कागद बाजूस ठेवला! वस्तुतः ते होते ‘दिप्लोमा लेजिस्लातिवु’, म्हणजे दिनांक ३० मार्च १९३३ चा क्रमांक ६४५ चा कायदा, ज्यान्वये आपल्या गोव्यातील देवस्थानांच्या महाजन संस्थांचे नियमन होते. नोटीस होती महाजनांच्या यादीसंबंधी. ‘कै. अमुक यांचे वा.’ यांनी ठरावीक मुदतीत पुरावा सादर करावा, एवढाच तिचा आशय. ‘वा.’ म्हणजे वारस. मुलाने ते ‘वाजता’ असे वाचले, आणि किती वाजता हे लिहिलेच नाही, म्हणून हसून सोडून दिले. मुदत टळली. पिढ्यान् पिढ्या ज्या घराने पालखीस खांदा दिला, त्या घराचे नाव दोन आद्याक्षरांपायी यादीबाहेर राहिले.

आता यात दोष कोणाचा? मुलाचा म्हणावा, तर त्यास ही भाषा कोणी शिकविली नव्हती. लिहिणाऱ्याचा म्हणावा, तर त्याने पूर्वापार चालत आलेली पद्धतच पाळली होती. मी स्वतः जन्मभर तसेच लिहीत आलो. म्हणून प्रथम या संक्षेपांचीच थोडी ओळख करून घेऊ.

संक्षेप ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. आपल्या वाडवडिलांच्या पत्रांची सुरुवातच ‘रा. रा.’ने होई, म्हणजे राजमान्य राजेश्री; पुढे ‘सा. न. वि. वि.’, आणि शेवटी काही राहून गेले असल्यास ‘ता. क.’, म्हणजे ताजा कलम. कागद महाग होता, बोरू झिजत होता, आणि लिहिणारा व वाचणारा दोघेही एकाच शाळेतले होते. संक्षेपाचे सारे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. दोघांस जे ठाऊक आहे तेच आखडून लिहिता येते. एकास ठाऊक आणि दुसऱ्यास नाही, अशी स्थिती आली की, संक्षेप हा संक्षेप राहत नाही. ते कुलूप होते, आणि किल्ली एकाच्याच कनवटीला राहते.

महाराष्ट्रातील सातबाराचा उतारा पाहा. त्यावर ‘अ. पा. क.’ असे असते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ‘ए. कु. मॅ.’ असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘पो. ख.’ म्हणजे पोटखराबा. ‘ए. कु. मॅ.’ या तीन अक्षरांचा अर्थ न कळल्यामुळे थोरल्या भावाचे नाव पाहून जमीन त्याच्या एकट्याची आहे, असे धाकट्यांनी मानावे, किंवा त्याहून वाईट म्हणजे थोरल्याने स्वतःच तसे मानावे, असे प्रकार घरोघरी घडले आहेत. गोव्यात जमिनीच्या उताऱ्यास ‘एक व चौदा’ म्हणतात. त्या नमुन्याच्या नुसत्या क्रमांकावरून बाहेरच्या माणसास काहीच बोध होत नाही.

कोर्टाच्या मराठी कागदांत ‘नि.’ म्हणजे निशाणी, ‘रे. दि. मु.’ म्हणजे रेग्युलर दिवाणी मुकदमा. येथे ‘दि.’ म्हणजे दिवाणी, आणि त्याच ओळीत पुढे ‘दि.’ म्हणजे दिनांक. ‘ता.’ म्हणजे तालुका आणि ‘ता.’ म्हणजे तारीखही. येथील इंग्रजी कागदांत ‘ओ. एस.’ म्हणजे मूळ दावा, ‘ए. एस.’ म्हणजे त्यावरील अपील, ‘आय. ए.’ म्हणजे दावा चालू असता केलेला मधला अर्ज, ‘ई. पी.’ म्हणजे हुकूमनामा बजावणीचा अर्ज, ‘सी. आर. पी.’ म्हणजे दिवाणी पुनरीक्षण अर्ज, ‘डब्ल्यू. पी.’ म्हणजे रिट अर्ज आणि ‘एस. एल. पी.’ म्हणजे राज्यघटनेच्या १३६ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची विशेष परवानगी मागणारा अर्ज. ‘एस. सी.’ मात्र फार फसवे आहे. ते कोठे सुप्रीम कोर्ट असते, कोठे स्मॉल कॉज म्हणजे लघुवाद, आणि फौजदारी कागदात सेशन्स केस. जागा पाहूनच अर्थ लावावा लागतो.

लॅटिन शब्दांचीही हीच गत आहे. ‘एक्स पार्टे’ हे शब्द आपल्या दिवाणी कोर्टाच्या हुकुमात आले, तर अर्थ एकतर्फी. म्हणजे तुम्ही हजर नव्हता, निकाल तुमच्यामागे लागला. तेच शब्द विलायती खटल्याच्या शीर्षकात आले, तर अर्थ ‘अमुक इसमाच्या अर्जावरून’ एवढाच. लिसेवमध्ये लॅटिन घोकलेल्या आम्हांसही हा भेद कळण्यास कचेरीतच जावे लागले.

हैदराबादकरांस एक खास इशारा देतो. निजामाच्या राजवटीतील कायद्यांवर फसली सन असतो. ‘हैदराबाद एंडाउमेंट रेग्युलेशन्स, १३४९ फ.’ असे वाचून एका गृहस्थांनी मला विचारले होते की, बहामनी राज्याच्या वेळचा कायदा विसाव्या शतकात कसा चालू होता? तो ‘फ.’ त्यांनी पाहिलाच नव्हता. फसली १३४९ म्हणजे इसवी सन १९३९-४०. एका अक्षराकडे दुर्लक्ष झाले, आणि सुमारे ५९० वर्षांची चूक पदरी पडली.

निवाड्यांचे दाखलेही असेच वाचावे लागतात. ‘ए. आय. आर. १९५९ एस. सी. ३०८’ यातील ए. आय. आर. म्हणजे आकाशवाणी नव्हे! ते ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, नागपूरहून निघणारे, चितळे यांनी उभे केलेले प्रकाशन. आपण मराठी माणसांनी अभिमान बाळगावा असे काम. १९५९ हे त्या अंकाचे वर्ष, एस. सी. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, आणि ३०८ हे पृष्ठ. निवाडा त्याच वर्षीचा असेलच असे नाही. हा निवाडा तर नोव्हेंबर १९५८ मधील आहे. हा दाखला मी मुद्दामच निवडला. कारण तो आजच्या दुसऱ्या विषयाकडे, म्हणजे पक्षपाताकडे, आपणांस घेऊन जातो, आणि तोही याच दारावरून जाणाऱ्या रस्त्याने.

दिलसुखनगरचा हा मोठा रस्ता पुढे विजयवाड्यास जातो. त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या सरकारी बसगाड्या आपण पाहतो. निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ बसगाड्यांवर हे खाते सुरू झाले. पुढे ११ जानेवारी १९५८ रोजी आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले, आणि विजयवाड्याच्या बाजूस, कृष्णा जिल्ह्यात, खासगी मोटारमालकांच्या गाड्या बंद करून तेथे महामंडळाच्या गाड्या चालविण्याची योजना निघाली. मोटारमालकांनी हरकती घेतल्या. कायद्याप्रमाणे त्या हरकती राज्य सरकारने ऐकावयाच्या होत्या. ऐकल्या कोणी? परिवहन खाते ज्यांच्या हाताखाली होते त्या सचिवांनी. योजनेस मंजुरी दिली मुख्यमंत्र्यांनी, ज्यांनी स्वतः काही ऐकले नव्हते.

गुल्लापल्ली नागेश्वर राव आणि इतर मोटारमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायपीठावर न्यायमूर्ती कोका सुब्बा राव होते, जे त्यापूर्वी येथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. निवाड्यात दोन दोष दाखविण्यात आले. पहिला असा की, ज्या खात्याची बाजू वादात आहे त्याच खात्याच्या प्रमुखाने सुनावणी घेणे म्हणजे वादातील एका पक्षानेच न्यायासनावर बसणे होय. दुसरा असा की, ऐकणारा एक आणि ठरविणारा दुसरा, अशी वाटणी झाल्यास सुनावणीस काही अर्थच उरत नाही. मंजुरी रद्द झाली. पुढे मुख्यमंत्र्यांनी स्वतः हरकती ऐकल्या आणि योजना मंजूर केली. मोटारमालक पुन्हा न्यायालयात गेले. परंतु १९५९ मधील त्या दुसऱ्या निवाड्यात न्यायालयाने सांगितले की, सचिव हा खात्याचाच भाग असतो, मंत्री मात्र त्या अर्थाने खात्याचा भाग नसतो. या वेळी मोटारमालक हरले. मतभेद असणाऱ्यांस हा भेद बारीक वाटेल. परंतु आपणांस त्यातून एक गोष्ट घेता येते. सचिव महाशय लबाड होते असे न्यायालयाने कोठेही म्हटले नाही. प्रश्न त्यांच्या सचोटीचा नव्हताच. प्रश्न ते ज्या खुर्चीवर बसले होते तिचा होता.

पक्षपात हा आपला शब्दच किती अर्थपूर्ण आहे पाहा. पक्ष म्हणजे बाजू, पात म्हणजे पडणे. तराजूचे एक पारडे खाली जाणे. त्यासाठी जो इंग्रजी ‘बायस’ शब्द आहे, तो इंग्लंडात गवतावर गोळे घरंगळवण्याच्या खेळात फार पूर्वीपासून वापरला जात आला आहे. त्या गोळ्याची घडण अशी असते की, तो सरळ सोडला तरी वळतो. टाकणाऱ्याचा हात सरळ असला, तरी गोळा आपल्या गुणाने वाकडा जातो. मनुष्याचे मनही तसेच आहे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण ज्या आजीबाईंनी प्रथम उच्चारली असेल, त्यांनी कायद्याचे पुस्तक पाहिले नव्हते. पण बायस म्हणजे काय, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

गोव्यात आम्ही ज्या पोर्तुगीज दिवाणी प्रक्रियेत वाढलो, तीत याचे दोन भाग केलेले असत. एक ‘इंपेदिमेंतु’, म्हणजे प्रतिबंध. न्यायाधीशाचा स्वतःचा किंवा अगदी जवळच्या आप्ताचा त्या कज्जात संबंध असल्यास त्याने तेथे बसावयाचेच नाही. कोणी हरकत घेवो वा न घेवो. दुसरा ‘सुस्पेयसांव’, म्हणजे संशय. दूरचे नाते, देणेघेणे, दाट मैत्री किंवा वैर असल्यास पक्षकारास हरकत घेता येई. १९६५ च्या कायद्याने भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्यास लागू करण्यात आली आणि जुनी पद्धत गेली. परंतु हे दोन कप्पे मला आजही उपयोगी वाटतात. काही संबंध असे असतात की, तेथे आपण होऊन उठावे. काही असे की, समोरच्याने म्हटले तर उठावे.

इंग्रजी परंपरेतही तेच तत्त्व आहे : कोणीही स्वतःच्या कज्जात न्यायाधीश होऊ नये. १८५२ साली इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी दिलेला हुकूम एवढ्यासाठी रद्द झाला की, ज्या कालवा कंपनीच्या बाजूने हुकूम होता, तिचे भाग त्यांच्या नावे होते. त्या भागांमुळे त्यांचे मन फिरले असेल असे कोणासही वाटत नव्हते. तरीही हुकूम गेला. पैशाचा संबंध कितीही थोडा असो, तो पुरेसा आहे, असा नियम त्यातून ठरला.

माझ्या मनात घर करून बसलेला खटला मात्र एका कारकुनाचा आहे. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात मोटारसायकलचा अपघात झाला. चालविणाऱ्यावर मॅजिस्ट्रेटांपुढे खटला चालला. मॅजिस्ट्रेट विचार करण्यास आतल्या खोलीत गेले, तेव्हा त्यांच्यासमवेत त्यांचा कारकूनही टिपणे घेऊन गेला. हा कारकून ज्या वकिली पेढीत भागीदार होता, तीच पेढी त्याच अपघातात दुसऱ्या बाजूची नुकसानभरपाई मागत होती. कारकून आत एक शब्द बोलला नाही. मॅजिस्ट्रेटांनी त्यास काही विचारले नाही. असे असूनही वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना लोकांस दिसला पाहिजे, हे जे तत्त्व आपण वारंवार ऐकतो, ते लॉर्ड ह्यूअर्ट यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या याच निवाड्यात मांडले. खोलीत मुकाट बसलेला कारकूनही निष्पाप राहू शकत नाही, हा त्याचा मला कळलेला अर्थ.

आपल्या देशातील क्रैपक यांचा खटला असाच आहे. १९६६ साली भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधील अधिकाऱ्यांची निवड झाली. निवड मंडळावर असलेले एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते उठून गेले. पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार झाला तेव्हा बसून राहिले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. आपल्या नावापुरते उठून जाणे पुरेसे नाही, हा धडा. शाळा-महाविद्यालयांच्या वाचनालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या ओरिसातील समितीवर लेखकच सभासद होते, तेथेही १९८४ साली न्यायालयाने हेच सांगितले.

याला जोडून दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. १९५७ च्या माणकलाल यांच्या खटल्यात चौकशी मंडळाचे अध्यक्ष पूर्वी एकदा तक्रारदाराचे वकील म्हणून उभे राहिलेले होते. असे अध्यक्ष नसावेत, हे न्यायालयाने मान्य केले. पण माणकलाल यांना हे ठाऊक असूनही त्यांनी वेळीच हरकत घेतली नाही. निकाल विरुद्ध गेल्यावर घेतली. म्हणून ती हरकत ऐकली गेली नाही. तात्पर्य, ज्यास पक्षपाताचा संशय येतो, त्याने सभेतच, त्याच वेळी, उभे राहून बोलले पाहिजे. निकाल आपल्या बाजूने लागला तर गप्प राहू, विरुद्ध लागला तर ओरडू, हे चालत नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. आपण सारे महाजन म्हणजे कोण? एका कुळाच्या फांद्या, एकमेकांचे भाऊबंद, व्याही, मामे-मावस. नात्याने न्यायास बाध येतो असे म्हटले, तर आपल्या सभेत खुर्चीवर बसण्यास शिल्लक कोण राहणार? अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार, सर्व कोणाचे ना कोणाचे सोयरे. हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो पोकळ नाही. कायद्यासही तो ठाऊक आहे. जेथे निर्णय देण्यास दुसरे कोणीच नाही, तेथे संबंध असणाऱ्यानेही निर्णय द्यावा, नाहीतर कामच अडेल, असे निरुपायाचे तत्त्व न्यायालयांनी मानले आहे. पण ‘दुसरे कोणीच नाही’ हे खरे असले पाहिजे. आपल्या सभेत दूरचे आणि जवळचे असा भेद करता येतो. ज्याचा मेहुणा पावणीत बोली लावतो, त्याने त्या कलमापुरते बाहेर जावे. जो सात पिढ्यांमागे भाऊबंद आहे, त्याने बसावे. तेवढा विवेक करण्यास वकील लागत नाही.

रामशास्त्री प्रभुणे यांची आख्यायिका आपण लहानपणी ऐकली आहे. दक्षिणेच्या वाटपास त्यांचे भाऊ आले असता सरकारी खजिन्यातून त्यांस इतर सामान्य विद्वानांइतकेच द्यावे, भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते मी घरून देईन, असे शास्त्रीबुवांनी सांगितले म्हणतात. शास्त्रीबुवांनी नाते नाकारले नाही. नात्याचा खर्च कोणत्या पेटीतून करावयाचा, एवढेच ठरविले. महाजनांसाठी याहून सोपा नियम मला सुचत नाही.

आता मला जे सांगावयाचे आहे ते सांगून टाकतो. त्यासाठीच मी हे भाषण स्वीकारले.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका समितीचे इतिवृत्त लिहीत असे. तिचे नाव घेत नाही. ती समिती कोणती, हे महत्त्वाचे नाही. एका कुळागराच्या उत्पन्नाची पावणी होती. दोन बोली आल्या. अधिक रकमेच्या बोलीची अनामत एक दिवस उशिरा आली, म्हणून ती बाजूस ठेवण्यात आली. दुसरी बोली समितीतील एका पदाधिकाऱ्याच्या मेहुण्याची होती. ते पदाधिकारी एक शब्द बोलले नाहीत, पण जागेवरून उठलेही नाहीत. तेव्हा एक वृद्ध सभासद उभे राहून म्हणाले, “या कलमापुरते त्यांनी बाहेर बसावे. निर्णय मग काय द्यायचा तो द्या.” कोणीतरी हसले. कोणीतरी म्हटले, “आजोबा, आपण सगळे एकाच घरचे. बसा.” ते बसले. ठराव झाला. मी वहीत लिहिले : ‘ठ. क्र. ७, स. मं.’

स. मं., म्हणजे सर्वानुमते मंजूर. ती माझी लिहिण्याची सवय होती. हात आपोआप चालला. त्या दोन अक्षरांत त्या वृद्धाचे उभे राहणे, त्यांचे वाक्य आणि ते हसणे, सारे बुडून गेले.

ते कुळागर घेणाऱ्या गृहस्थांनी रक्कम वेळेवर भरली, झाडांची निगाही चांगली राखली. निर्णय कदाचित बरोबरच होता. पण त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. पाठीमागे कुजबुज राहिली आणि त्या वेळेपासून दोन घरांत पडलेले अंतर उत्सवातही दिसू लागले. ते वृद्ध पुन्हा सभेस आले नाहीत. पालखीच्या वेळी मात्र ते येत, आणि मागच्या खांबापाशी उभे राहत. पुढे काही वर्षांनी त्या अनामतीवरून वाद निघाला आणि माझी वही बाहेर काढण्यात आली. अध्यक्षांनी मोठ्याने वाचले : सर्वानुमते. तोवर ते वृद्ध वारले होते. सभेत त्या जुन्या बैठकीचे चारच जण उरले होते. चौघांनीही वहीकडे पाहिले आणि मान डोलावली. मीही डोलावली. ससेक्सचा तो कारकून निदान काही लिहून तरी बसला नव्हता.

म्हणून, बंधुभगिनींनो, पक्षपात हा खुर्चीवरच असतो असे समजू नका. तो लेखणीतही असतो. ‘स. मं.’मध्ये असतो. ‘व इ.’मध्ये असतो, जेथे दहा जणांची नावे दोन अक्षरांत गडप होतात. विधवा स्त्रीच्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहून आपण तिच्या हक्काऐवजी तिचे दुर्दैव नोंदवीत आलो, त्यातही असतो. लिहिणारा म्हणतो, मी जागा वाचविली. कोणाची जागा वाचली आणि कोणाची गेली, हे तो पाहत नाही.

या अनुभवावरून चार सूचना करतो. पहिली : देवस्थानाची जी नोटीस गोव्याबाहेरच्या महाजनांस जाईल, तीत प्रत्येक संक्षेप प्रथम येईल तेथे पूर्ण लिहावा, आणि हरकतीची अखेरची तारीख अक्षरी व अंकी द्यावी. दुसरी : सभेच्या आरंभी, आजच्या विषयांशी कोणाचा घरचा संबंध आहे काय, हे विचारावे; ज्याचा असेल त्याने त्या कलमापुरते उठावे, आणि ‘अमुक उठून गेले’ अशी नोंद व्हावी. उठून जाणे हा अपमान नव्हे, ती सभ्यता आहे, हे आपल्या मुलांना आतापासून दिसू द्यावे. तिसरी : विरोध झाला असेल तर विरोध करणाराचे नाव व कारण लिहावे, भले तो एकटा असो. चौथी : हरकत असेल त्याने ती त्याच सभेत घ्यावी, ओट्यावर आणि लग्नाच्या पंगतीत नव्हे. देवस्थानाचा कोंप्रोमिसो, म्हणजे आपली नियमावली, प्रत्येक घरात असावी, आणि सभेचे कलम कोणी मागितले तर ते वाचून दाखविण्यास तरुण मंडळी तयार असावी.

ज्या तरुणाच्या नोटिशीपासून मी आरंभ केला, त्याचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला आणि तो पाठविला आहे. त्यात एकही संक्षेप नाही. वडिलांचे नाव पूर्ण लिहिले, आजोबांचे पूर्ण लिहिले, गावाचे पूर्ण लिहिले. अर्ज चार पाने झाला. निकाल काय लागेल तो लागो. सही करताना तो मुलगा म्हणाला, “आजोबांचं पूर्ण नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं.”

आणि त्या जुन्या वहीसंबंधी एवढेच. ती आता माझ्या ताब्यात नाही, आणि लिहिलेले खोडण्याचा अधिकारही मला नाही. म्हणून आज आपणांसमक्ष तोंडी नोंद करतो : ठराव क्रमांक ७ सर्वानुमते मंजूर झाला नव्हता. एका सभासदाने विरोध केला होता, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.

श्री आपणां सर्वांस सद्बुद्धी देवोत आणि आपल्या सभेचा तोल राखोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.